डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचा नाही, मग ठेवायचा कुठे?

समजा, गोव्यात मोरजीला एक गेस्टहाउस आहे. बुकिंगचा डेटाबेस ऑफिसातल्याच एका लिनक्स मशीनवर चालतो आणि रोज पहाटे अडीचला त्याचा बॅकअप व्हायला हवा. पात्रांवने, म्हणजे मालकाने, ते काम तुमच्यावर टाकलंय, कारण ऑफिसात ‘कंप्युटरमधलं कळणारे’ तुम्ही एकटेच. स्क्रिप्ट जेमतेम दहा ओळींची. हाताने चालवली की पासवर्ड विचारते, तुम्ही देता, बॅकअप होतो. पण पहाटे अडीचला पासवर्ड द्यायला कोण बसणार? मग सरळ वाटतं, पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून टाकू.

नेमकं तिथेच थांबा. स्क्रिप्ट ही फिरणारी वस्तू आहे. ती कुणाला तरी दाखवायला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, दुसऱ्या मशीनवर कॉपी होते, गिटवर (कोड आणि त्यातले बदल जपणाऱ्या साधनावर) चढते, तुमच्यानंतर येणाऱ्याच्या हाती लागते. पासवर्ड मात्र एका मशीनवरच्या एका खात्यापुरता असतो. तेव्हा पासवर्ड स्क्रिप्टचा नव्हे, स्क्रिप्ट ज्या खात्याखाली चालते त्या खात्याचा, असं धरून चला. पुढचं सगळं यातूनच निघतं.

उदाहरणं पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेसची घेतली आहेत. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे अर्थातच रोमन.

आधी गळती स्वतःच्या डोळ्यांनी बघा

दोन टर्मिनल उघडा. पहिल्यात पीएसक्यूएल (पोस्टग्रेसशी जोडणारं टूल) चालवा आणि जोडणीचा पूर्ण पत्ता त्याच ओळीत द्या:

पीएसक्यूएल पोस्टग्रेसक्यूएल://बुकिंग:समुद्र१२३@लोकलहोस्ट/गेस्टहाउस

ती जोडणी तशीच उघडी ठेवा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये वेगळ्याच, कसलेही खास अधिकार नसलेल्या युजरने लॉगिन करा आणि ‘पीएस -ईएफ’ चालवा. लांबलचक यादीत ती ओळ सापडेल आणि तिच्यात ‘समुद्र१२३’ जसाच्या तसा दिसेल. यात हॅकिंग वगैरे काही नाही. चालू प्रोसेसची कमांड-ओळ लिनक्स ‘/प्रॉक’खाली ठेवतं आणि ती मशीनवरच्या कुणालाही वाचता येते. ‘हायडपिड’ हा पर्याय लावून हे बंद करता येतं, पण आपल्या मशीनवर तो लावलेलाच असेल असं गृहीत धरू नका.

मायएसक्यूएल इथे थोडं हुशारीने वागतं. ‘-पी’ला चिकटवून पासवर्ड दिला तर सुरू होताच ते यादीतल्या त्या जागी एक्स-एक्स भरतं, शिवाय कमांड-ओळीवर पासवर्ड देणं सुरक्षित नाही अशी वॉर्निंगही देतं. नवखे काय करतात, तर वॉर्निंग नको म्हणून सगळा एरर-आउटपुट ‘/डेव्ह/नल’मध्ये ढकलतात. वॉर्निंग जाते, आणि तिच्याबरोबर पुढचे खरे एररही जातात. ही सवय लावूनच घेऊ नका.

एक्स-एक्सवरही विसंबू नका. प्रोसेस सुरू होऊन ते भरलं जाईपर्यंत एक छोटी फट राहतेच. त्याहून मोठी अडचण म्हणजे मायएसक्यूएल फक्त स्वतःची ओळ झाकतं. तीच कमांड एसएसएचमधून दुसऱ्या मशीनवर पाठवलीत, तर इकडच्या एसएसएचच्या प्रोसेसमध्ये पासवर्डासकट अख्खी ओळ उघडी राहते. ‘सुडो’ लावून चालवलीत, तर सुडो ती कमांड लॉगमध्ये लिहून ठेवतं. क्रॉनटॅबच्या (क्रॉनने ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांच्या यादीच्या) ओळीतच पासवर्ड टाकलात, तर क्रॉन रोज रात्री ती ओळ सिस्टिम लॉगमध्ये उतरवून ठेवतो. आणि हाताने एकदा जरी टाइप केलीत, तरी ती ‘.बॅश_हिस्टरी’त जाऊन बसते. प्रोसेसची यादी क्षणभराची असते. लॉग मात्र महिनोन्‌महिने टिकतात आणि त्यांचेही बॅकअप होतात.

पासवर्ड किती दारं उघडतो ते ठरवा

बहुतेक लेख लगेच फाइल कुठे ठेवायची त्यावर येतात. मला त्याआधीची ही पायरी जास्त मोलाची वाटते. बॅकअप घेणाऱ्याला फक्त वाचायचं असतं. मग त्याच्या हाती डेटाबेसच्या रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड कशाला?

लिनक्सवर एक वेगळं खातं करा, त्याचं नाव ‘बॅकअपवाला’ धरू. डेटाबेसमध्येही त्याच नावाचा युजर करा. मायएसक्यूएलमध्ये त्याला त्या एकाच डेटाबेसवर सिलेक्ट, शो व्ह्यू, ट्रिगर आणि लॉक टेबल्स एवढे अधिकार द्या. ८.०.२१ आवृत्तीपासून डम्पचं (म्हणजे डेटाबेसची प्रत उतरवणारं) टूल ‘प्रोसेस’ हा सर्व्हरभरचा अधिकारही मागायला लागलं. तो देत बसू नका. डम्पच्या कमांडला ‘--नो-टेबलस्पेसेस’ जोडलं की मागणी बंद होते. पोस्टग्रेस १४ किंवा पुढचं असेल तर ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ ही तयार भूमिका त्या युजरला देऊन मोकळे व्हा. जुन्या आवृत्तीत टेबलांवर सिलेक्टचा अधिकार हाताने द्यावा लागतो.

एवढं केलं की उद्या पासवर्ड फुटलाच, तरी ज्याच्या हाती लागला त्याला बुकिंग वाचता येईल, पुसता किंवा बदलता येणार नाही. वाचता येणं हेही काही कमी वाईट नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

पासवर्ड लागतोच का?

स्क्रिप्ट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील, तर बहुतेक वेळा लागत नाही. हे सांगितलं की नवख्यांना पटत नाही, पण पासवर्ड नसला तर तो फुटण्याचाही प्रश्न नाही.

पोस्टग्रेसमध्ये याला पीअर ऑथेंटिकेशन म्हणतात. जोडणी मशीनच्या आतल्या सॉकेटवरून आली की समोरचा लिनक्स युजर कोण हे पोस्टग्रेस थेट ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं. नाव जुळलं की आत घेतं. डेबियन आणि उबुंटूवर आतल्या जोडण्यांसाठी ही सोय मुळातच चालू असते. मायएसक्यूएलमध्ये हेच काम ‘ऑथ_सॉकेट’ प्लगिन करतं, मारियाडीबीत (मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या डेटाबेसमध्ये) ‘युनिक्स_सॉकेट’.

इथे एक जागा आहे जिथे हमखास अडकायला होतं. पोस्टग्रेसला ‘-एच लोकलहोस्ट’ सांगितलं की ते सॉकेट सोडून नेटवर्कच्या वाटेने जातं. मग पीअरचा नियम लागू होत नाही आणि पासवर्ड मागितला जातो. तेव्हा होस्ट देऊच नका. मायएसक्यूएलमध्ये उलटं: तिथे ‘लोकलहोस्ट’ म्हणजे सॉकेट, आणि १२७.०.०.१ लिहिलं तर नेटवर्क. दोन्ही डेटाबेस सांभाळणाऱ्याने हे टेबलाजवळ चिकटवून ठेवावं.

हे जमलं तर पुढच्या दोन पायऱ्या सोडून थेट क्रॉनवर या. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल, किंवा सॉकेटची वाट बंद ठेवली असेल, तरच पुढे वाचा.

पोस्टग्रेस: .पीजीपास

‘बॅकअपवाला’ म्हणून लॉगिन करा. आधी ‘यूमास्क ०७७’ द्या, म्हणजे यापुढे तयार होणारी फाइल जन्मतःच इतरांना बंद असेल. मग होम फोल्डरमध्ये ‘.पीजीपास’ नावाची फाइल नॅनो किंवा व्हीआयमध्ये उघडा. ‘एको’ने लिहू नका, नाहीतर पासवर्ड पुन्हा हिस्टरीत. आत एकच ओळ:

डीबीसर्व्हर:५४३२:गेस्टहाउस:बॅकअपवाला:इथे-पासवर्ड

होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड, असा क्रम. पासवर्ड सोडून कुठल्याही रकान्यात * चालतो. ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जुळणारी पहिली ओळ घेतली जाते, म्हणून नेमक्या ओळी वर ठेवा, * वाल्या खाली. पासवर्डमध्येच विसर्गचिन्ह (:) किंवा उलटी तिरकी रेघ (\) असेल तर तिच्या आधी आणखी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

शेवटी ‘सीएचमॉड ६००’, म्हणजे फाइल फक्त तिच्या मालकाला वाचता-लिहिता येईल. ही पायरी विसरलात तर पोस्टग्रेस अजिबात ऐकत नाही. गटाला किंवा इतरांना फाइल वाचता येत असेल, तर ते वॉर्निंग देऊन फाइलीकडे सरळ दुर्लक्ष करतं. या कडकपणाबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

आता पीजी_डम्पच्या कमांडमध्ये पासवर्डाचा उल्लेखसुद्धा नको. फक्त ‘--नो-पासवर्ड’ जोडा. त्याचा अर्थ: पासवर्ड फाइलीत मिळाला तर वापर, नाही मिळाला तर विचारत बसू नकोस, सरळ नापास हो. छोटं रूप वापरायचं तर ते लहान लिपीतलं डब्ल्यू. मोठ्या लिपीतलं डब्ल्यू नेमकं उलटं करतं, पासवर्ड विचारायलाच लावतं. फाइल सापडली नाही की ‘नो पासवर्ड सप्लाइड’ असा एरर येतो. तो दिसला की आधी परवानग्या बघा, मग होस्टचं नाव फाइलीत आणि कमांडमध्ये अक्षरशः एकच आहे का ते बघा. एकीकडे आयपी आणि दुसरीकडे नाव असलं तर ते जुळत नाही.

मायएसक्यूएल: .माय.सीएनएफ

तसंच यूमास्क, तसाच एडिटर. ‘.माय.सीएनएफ’मध्ये पहिल्या ओळीवर चौकोनी कंसात ‘क्लायंट’, खाली ‘युजर=’ आणि ‘पासवर्ड=’. होम फोल्डरमधली ही फाइल मायएसक्यूएलची टूल्स आपणहून वाचतात. दुसरीकडे ठेवायची असेल तर ‘--डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल=’ने वाट दाखवा, पण हा पर्याय कमांडमध्ये सर्वांत पहिला हवा. मध्ये किंवा शेवटी टाकलात तर ओळखलाच जात नाही.

पासवर्डमध्ये # असेल तर अख्खा पासवर्ड दुहेरी अवतरणात ठेवा. या फाइलीत # म्हणजे टिप्पणीची सुरुवात, तीही ओळीच्या मध्यावर. ‘कोकम#९९’ मधला ‘कोकम’ एवढाच सर्व्हरकडे जातो, आणि पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश का नाकारला जातोय हे कळायला अर्धा दिवस जातो.

आणि पोस्टग्रेसचा कडकपणा इथे नाही. फाइल सगळ्या जगाला लिहिता येत असेल तर मायएसक्यूएल ती टाळतं, पण सगळ्यांना नुसती वाचता येत असेल तर चकार शब्द काढत नाही. ‘एलएस -एल’ करून तुम्हीच बघा.

‘मायएसक्यूएल_कॉन्फिग_एडिटर’ नावाचं एक टूलही आहे. ते ‘.मायलॉगिन.सीएनएफ’ ही फाइल बनवतं आणि ती उघडली की आत न वाचता येणारी अक्षरं दिसतात. पण ती उलगडायची किल्ली त्याच फाइलीत असते. घराला कुलूप लावून किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवावी, तसं. पडद्याकडे डोकावणाऱ्यापासून बचाव होतो, फाइल उचलून नेणाऱ्यापासून नाही. वापरायला हरकत नाही, पण ६०० ची परवानगी तिथेही हवीच.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं काय?

पीजीपासवर्ड किंवा मायएसक्यूएल_पीडब्ल्यूडी हे व्हेरिएबल भरून काम भागवणारे पुष्कळ. लिनक्सवर हे व्हेरिएबल तो युजर आणि रूट सोडून इतरांना वाचता येत नाहीत, तेव्हा कमांड-ओळीपेक्षा बरं. पण स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रोसेसला ते वारशाने मिळतात, आणि एखादं टूल कोसळताना सगळे व्हेरिएबल लॉगमध्ये ओकून टाकतं. पोस्टग्रेसचं स्वतःचं मॅन्युअल हा मार्ग सुचवत नाही, आणि मायएसक्यूएलने ८.० पासून आपलं व्हेरिएबल मोडीत काढायच्या यादीत घातलंय.

आपल्याकडची अडचण आणखी साधी. जून-जुलैत लाइट जाते, इन्व्हर्टर दम सोडतो, मशीन रीस्टार्ट होतं. टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल त्याबरोबर जातं. मग कुणीतरी ते ‘.बॅशआरसी’त लिहून ठेवतो, आणि ती फाइल क्रॉन वाचतच नाही. फाइलीतला पासवर्ड लाइट गेली तरी जागेवर असतो.

क्रॉनवर चढवताना

हाताने चालते आणि क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार तुम्हीही करणार आहात. कारणं थोडीच असतात.

क्रॉनटॅब कुणाचा आहे ते बघा. रूटच्या क्रॉनटॅबमधून चालवलीत तर होम फोल्डर ‘/रूट’ असतं, आणि ‘बॅकअपवाला’च्या घरातली .पीजीपास कुणी बघतही नाही. नोंद ‘बॅकअपवाला’च्याच क्रॉनटॅबमध्ये करा. दुसरं, क्रॉनचा पाथ तोकडा असतो, म्हणून टूल्सची पूर्ण वाट लिहा. तिसरं, क्रॉनटॅबच्या ओळीत % म्हणजे नवी ओळ. फाइलीच्या नावात तारीख घालण्याचा खटाटोप तिथे केलात तर कमांड मधेच तुटते. तारीख स्क्रिप्टच्या आत घाला, क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव.

स्क्रिप्ट तपासताना ‘सेट -एक्स’ लावायची सवय असते. त्याने प्रत्येक कमांड तिच्यातल्या किमती भरून छापली जाते. पासवर्ड व्हेरिएबलमध्ये असेल तर तोही छापला जातो आणि लॉगमध्ये जातो. फाइलीच्या पद्धतीत हा धोका राहत नाही.

आता सगळ्यांत घातक गोष्ट. डम्पचं आउटपुट पाइपमधून जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलला) देणारी ओळ जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असते. पासवर्ड चुकला की डम्प नापास होतो, पण जीझिप रिकाम्या आउटपुटची छान फाइल बनवतो आणि ‘सगळं ठीक’ असं कळवतो. बॅशमध्ये पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो. फोल्डरमध्ये रोज नव्या तारखेची फाइल पडत राहते, आकार २० बाइट. चवथीच्या सुट्टीत तर कुणी तिकडे फिरकतही नाही. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा, आणि डम्प झाल्यावर फाइलीचा आकार अमुक एवढ्यापेक्षा कमी असेल तर मेल जाईल अशी एक ओळ घाला. पासवर्ड कितीही नीट ठेवला असला, तरी तो बदललेला कळण्याची सोय नसेल तर बॅकअप नाहीच असं समजा.

चाचणीसाठी वेळ दोन मिनिटं पुढची लावा आणि क्रॉनलाच चालवू द्या. हाताने चालवून झालेली चाचणी इथे धरायची नाही.

बॅकअपची फाइल आणि गिट

स्क्रिप्टच्या सुरुवातीलाही यूमास्क ०७७ हवाच. पासवर्ड तिजोरीत आणि त्याने काढलेला डम्प सगळ्यांना वाचता येईल अशा फोल्डरमध्ये, असं दृश्य फार ठिकाणी दिसतं. गेस्टहाउसच्या डेटाबेसमध्ये काय असतं ते आठवा: परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणजे पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचे तपशील आलेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या गेस्टहाउसवर एवढा दंड कुणी लावणार नाही असं पात्रांव म्हणेल. त्याला म्हणू द्या, तुम्ही परवानगी ६०० ठेवा.

गिटबद्दल एवढंच: पासवर्ड एकदा कमिट झाला, म्हणजे गिटमध्ये नोंदला गेला, की पुढच्या कमिटमध्ये ओळ पुसून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच. रिपॉझिटरी खाजगी असली तरी. इतिहास घासत बसण्याआधी पासवर्ड बदला.

व्हॉल्टसारखी सीक्रेट सांभाळणारी साधनं, क्लाउडवरची तसलीच सेवा, हे सगळं आहे आणि चांगलं आहे. पण एक मशीन आणि दोन स्क्रिप्ट असताना त्यांच्या मागे लागू नका. त्या साधनात शिरायला पुन्हा एक किल्ली लागते आणि तीही कुठेतरी ठेवावी लागते. क्रॉनऐवजी सिस्टिमडीचा टायमर वापरत असाल तर २४७ व्या आवृत्तीपासून त्यात ‘लोडक्रेडेन्शियल’ची, म्हणजे पासवर्ड फक्त त्या कामापुरता हाती देण्याची, सोय आहे, ती मात्र बघण्यासारखी.

पासवर्ड बदलायची वेळ आली की

सीझन संपला की मे महिन्यात माणसं बदलतात. सर्व्हरवर हात असलेला कुणी गेला, तर त्याच आठवड्यात पासवर्ड बदला, मग तो कितीही विश्वासातला असो.

पोस्टग्रेसमध्ये पीएसक्यूएलच्या आत उलटी तिरकी रेघ आणि ‘पासवर्ड’ ही कमांड वापरा. ती पासवर्ड इकडेच हॅश करून (मूळ शब्द ओळखता येणार नाही अशा रूपात बदलून) पाठवते, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये तो उघडा दिसत नाही. लगेच .पीजीपास बदला. दोन्ही कामं दिवसा, स्क्रिप्टची वेळ नसताना.

मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका युजरचे दोन पासवर्ड काही काळ एकत्र चालू ठेवता येतात. ‘ऑल्टर युजर’च्या शेवटी ‘रिटेन करंट पासवर्ड’ जोडलं की नवा सुरू होतो आणि जुनाही चालत राहतो. मग सावकाश ज्या ज्या मशीनवर .माय.सीएनएफ आहे तिथे नवा टाका, एक रात्र जाऊ द्या, सकाळी प्रत्येक ठिकाणच्या डम्पचा आकार बघा. सगळे नीट आले असतील तर ‘डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड’ चालवून जुना बंद करा.